आपोआप होईल की!

दहा मिनिटांत होणारं काम दहा मिनिटांत उरकून चहाला जावं, एवढी साधी अक्कल आमच्या धंद्यातल्या माणसाला नसते. तो म्हणतो, हे काम पुन्हा कधी करावंच लागू नये अशी व्यवस्था करू. मग तो स्क्रिप्ट लिहायला बसतो. तेव्हा शेजारच्या रानात सुरू उसाची लागण चाललेली असते. स्क्रिप्ट एकदाची चालते तेव्हा त्याच रानात तोड आलेली असते, आणि तो छाती फुगवून सांगतो, ‘‘आता हे आपोआप होईल.’’

तो म्हणजे मी. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी शिरोळात घरी बसून करतो. दिवसा घरात दिसतो म्हणून गल्लीला वाटतं मला नोकरी नाही. रात्रीही लॅपटॉपपुढे दिसतो म्हणून आईला वाटतं नोकरी आहे, पण पर्मनंट नाही. अशा माणसाला गावात सार्वजनिक काम मिळायला वेळ लागत नाही. मला मिळालं वाचनालयाचं.

त्याचं मूळ पाण्यात आहे. आमच्या तालुक्याला कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या लागतात. एरवी चौघी आपापल्या पात्रात असतात. पण २००५ साली, मग २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत त्या गावं बघायला बाहेर पडल्या. अशा वेळी वीज जाते. वीज गेली की टॉवर जातो आणि टॉवर गेला की माणूस हातातला फोन उलटासुलटा करून बघत बसतो. पुरात सगळ्यात आधी बुडतं ते इंटरनेट. ते आभाळातून येतं म्हणतात, पण पाणी पहिल्या पायरीला लागायच्या आत ते गेलेलं असतं.

म्हणून मी एक कल्पना काढली. वाचनालयात एक छोटं यंत्र ठेवायचं. जी पानं रोज बदलत नाहीत आणि ज्यांची नक्कल करायला मुभा आहे, ती त्यात उतरवून ठेवायची. मराठी विकिपीडिया, विकिस्रोतावरची जुनी पुस्तकं, साप चावल्यावर काय करावं, पाणी कसं शुद्ध करावं, असं सगळं. यंत्राचं स्वतःचं वायफाय. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी फोनवर ही पानं उघडणार. यात माझं डोकं काही नाही. किविक्स नावाचं सॉफ्टवेअर २००७ पासून हेच करतंय. अख्खा इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट शंभरेक जीबीत मावतो. जिथे इंटरनेट पोचत नाही अशा जगभरच्या शाळांत आणि तुरुंगांतही लोक तो वाचतात.

कार्यकारिणीपुढे मांडायला मी भलंमोठं प्रेझेंटेशन तयार केलं होतं. दुसऱ्याच चित्राला सचिव अण्णांनी हात वर केला.

‘‘म्हंजे इंटरनेटची झेरॉक्स?’’

मी उरलेली चित्रं मिटली. ‘‘व्हय अण्णा. झेरॉक्सच.’’

‘‘मग खरी प्रत कुणाकडं?’’

‘‘तिकडं. परदेशात.’’

‘‘आणि साक्षांकित कोण करणार?’’

हा प्रश्न जगातल्या कुठल्याही तांत्रिक परिषदेत कुणी विचारलेला नसेल. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून विषय एकमताने मंजूर झाला.

मग मागण्या सुरू झाल्या. एकाला सातबारा हवा होता. मी समजावलं की सातबारा सारखा बदलत असतो, आपण फक्त न बदलणारी पानं ठेवणार आहोत. तो म्हणाला, ‘‘कुठं बदलतोय? आमच्यात अजून आज्ज्याचंच नाव हाय.’’ दुसऱ्याने उसाचा दर ठेवायला सांगितला. तो तर दर वर्षी बदलतो म्हटल्यावर तो हसला. ‘‘मर्दा, दरवर्षी जयसिंगपूरला ऊस परिषद कशापायी भरतीया? बदलत न्हाई म्हणून तर भरतीया!’’ न बदलणाऱ्या माहितीच्या बाबतीत तालुका माझ्या फार पुढे आहे हे त्या दिवशी कळलं.

यंत्र आलं. रास्पबेरी पाय. २०१२ पासून मिळतो, पत्त्याच्या कॅटाएवढा असतो. ते पाहून कार्यकारिणीच्या तोंडावर वर्गणी बुडाल्याची कळा आली. ‘‘एवढंच?’’ अण्णांनी ते उचलून हलवून पाहिलं. सर्व्हर म्हणजे गोदरेजच्या कपाटाएवढा आणि आत वारा घोंगावणारा असं त्यांनी सिनेमात पाहिलेलं. शेवटी मी ते बंद पडलेल्या एका जुन्या टीव्हीच्या खोक्यात बसवलं आणि पुढे हिरवा दिवा आणून ठेवला. मग सगळ्यांना ते पटलं. खंडेनवमीला त्याची पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं गेलं, नृसिंहवाडीचे पेढे वाटले गेले. कुंकू नेमकं मेमरी कार्डाच्या खाचेत गेलं. यंत्र बंद पडलं आणि ते कोप पावलं असं समजून दुसरा नारळ फोडण्यात आला.

ते कुठे ठेवायचं यावर आणखी एक बैठक झाली. २०१९ च्या पाण्याच्या रेघेच्या वर ठेवायचं हे ठरलं, पण ती रेघ कुठे होती यावर एकमत होईना. भिंतीवरची खूण रंगकामात गेलेली. एकाने गुडघ्यापाशी बोट ठेवलं, दुसऱ्याने खांद्यापाशी. तिसरा स्टुलावर चढला. आमच्याकडे ज्याच्या घरात जास्त पाणी शिरलं त्याचा शब्द वजनदार असतो, त्यामुळे रेघ बघता बघता वर चढत गेली आणि बैठक अर्धा तास आणखी चालली असती तर सर्व्हर कौलांवर गेला असता. अखेर तो माळ्यावर ठेवला. आता तिथे पुराचं पाणी पोचत नाही, आणि मीही नाही. शिडी शेजारच्या मंडपवाल्याची. लग्नसराईत ती मिळत नाही.

म्हणूनच मला सगळं घरबसल्या आपोआप व्हायला हवं होतं. त्यासाठी अन्सिबल नावाचं साधन आहे. आपल्या संगणकावर एक आज्ञापत्र लिहायचं. ते त्याच्याबरहुकूम दूरच्या शंभर सर्व्हरांची मांडणी एका दमात करतं. माझ्याकडे सर्व्हर एक. पण उरलेल्या नव्व्याण्णवांची सोय मी करून ठेवली, उद्या कुरुंदवाडने मागितला तर नाही म्हणायला नको. या आज्ञापत्रात अक्षरांइतकीच मोकळी जागा महत्त्वाची. ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस कमी पडली की सगळं ठप्प. जिथे काही लिहिलेलंच नाही तिथे चूक शोधण्यात माझ्या रात्री जाऊ लागल्या.

एका रात्री ही उठून आली. ‘‘अहो, काय शोधताय?’’

‘‘मोकळी जागा.’’

‘‘डोक्यात बघितली का?’’ असं म्हणून ती झोपायला गेली.

या साधनाचा सगळ्यात वाखाणला जाणारा गुण असा की आज्ञा एकदा द्या नाहीतर पन्नासदा द्या, परिणाम तोच. एकदा घडी बसली की पुढच्या खेपांना ते काहीही बदलत नाही, आणि ‘बदल : शून्य’ असं अभिमानाने छापून दाखवतं. कंपनीत नवीन पोरांना हे समजावताना माझा घाम निघायचा. गावात एका वाक्यात समजलं. गल्लीतले तात्या म्हणाले, ‘‘म्हंजे सरकारी कचेरी.’’

पानं उतरवून घेणारं साधन वेगळं, त्याचं नाव डब्ल्यूगेट. ते १९९६ पासूनचं आहे आणि स्वभावाने फार सरळ. एक पान द्या, ते त्यातल्या प्रत्येक दुव्यामागे जातं, तिथल्या दुव्यांमागे जातं, असं करत सगळं गोळा करून आणतं. शिवाय सभ्यही आहे. संकेतस्थळाच्या दारावर ‘यंत्रांनी अमुक खोलीत शिरू नये’ अशी पाटी लावायची पद्धत १९९४ पासून आहे. ती पाटी कुणालाही अडवू शकत नाही, नुसती विनंती असते. तरी हे साधन ती मुकाट्याने पाळतं. ‘येथे थुंकू नये’ या पाटीखालची भिंत रोज बघणाऱ्या माणसाला हे पाहून भरून येतं.

पण सरळपणालाही मर्यादा हवी. आरोग्याची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एक छोटं कॅलेंडर होतं आणि त्याखाली ‘पुढचा महिना’ असा दुवा. आमच्या साधनाने तो दाबला. पुढचा महिना आला. त्यातही ‘पुढचा महिना’ होताच. सकाळी मी उठलो तेव्हा डिस्क भरलेली, कुत्रं चावल्यावर काय करावं याचा पत्ता नाही, आणि साधन २४८७ सालच्या ऑगस्टात पोचलेलं. मी हे तात्यांना सांगितलं. तात्यांना त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही.

‘‘त्या ऑगस्टात पूर आलाय का बघ.’’

‘‘पान कोरं आहे तात्या.’’

‘‘म्हंजे अलमट्टी धरणाचं भांडण तवर मिटलं म्हणायचं,’’ असं म्हणून ते समाधानाने निघून गेले.

घरी सगळं जमलं. आता रोज पहाटे दोनला वाचनालयातल्या यंत्राने आपणहून नवी पानं आणायची होती. त्या वेळी इंटरनेटवर गर्दी नसते. पहिल्या दिवशी त्याने आणली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. घरून आज्ञा द्यावी तर ‘यंत्र सापडत नाही’. मी शिडी मिळवून वर चढलो तर हिरवा दिवा चालू, सगळं ठीक. ग्रंथपाल काकांना विचारलं.

‘‘रात्री कायतर अडचण येती का हो काका?’’

‘‘रात्री मेन स्विच बंद असतोय.’’

‘‘का?’’

‘‘वाचनालय बंद म्हंजे सगळं बंद. १९८४ पासनं नियम हाय.’’

वीज अशी एकाएकी काढली की यंत्रातलं कार्ड बिघडतं. बिघडलं की सगळी मांडणी नव्याने. याचा अर्थ मी इतके महिने खपून जे आपोआप होणारं केलं होतं ते आता रोज आपोआप करावं लागत होतं. काका संध्याकाळी स्विच बंद करून माझ्या मेहनतीचं चीज करत होते. शेवटी पुन्हा कार्यकारिणी बसली आणि ठराव झाला : ‘‘सर्व्हर नामक यंत्र रात्रौ चालू ठेवणेस मंजुरी देणेत येत आहे. सदर यंत्र रात्रौ काय करते याचा अहवाल दरमहा सादर करणेचा आहे.’’ तेव्हापासून मी दर महिन्याला ‘यंत्राने पाने आणली’ असा अहवाल हाताने लिहून देतो. तो आपोआप होत नाही. त्यावर सही लागते.

या ‘आपोआप’चं माझं वेड पाहून तात्यांनी एकदा मला समोर बसवलं.

‘‘ऑटोमॅटिक म्हंजे काय ते तुला कोण शिकिवलं?’’

‘‘कॉलेजात शिकलो.’’

‘‘आमाला राधानगरीनं शिकिवलं.’’

आता राधानगरीबद्दल शिरोळच्या माणसाला काही सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं भोगावतीवरचं हे धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपले आपण उघडतात. एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. त्या दरवाजांना ना पासवर्ड लागतो, ना स्पेस मोजाव्या लागतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि पंचगंगा आमच्याच तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथे देवालाही ते चुकत नाही. देवळातल्या पादुकांवरून वाहून पाणी दक्षिण दाराने बाहेर पडलं की भाविक दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी करतात.

‘‘दरवाजं ऑटोमॅटिक हाईत,’’ तात्या म्हणाले. ‘‘म्हसरं सोडायची, धान्य माळ्यावर टाकायचं, म्हातारीला पाठीवर घ्यायचं, ते समदं हातानं. एका जाग्याचं काम आपोआप झालं की दुसऱ्या जाग्याला कुणीतरी पळत असतंय बघ.’’

मला त्या क्षणी माळ्याची शिडी आठवली.

तात्या एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वारणेचं उदाहरण काढलं, आणि ते खरं आहे. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातल्या ७० गावांत सरकारने संगणक नेले. ‘वायर्ड व्हिलेज’ असं त्याचं नाव. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सगळं जग गावात येणार होतं. काही वर्षांनी संशोधक बघायला आले तर त्या संगणकांवर मुख्यतः आपल्या उसाचं वजन किती भरलं आणि कारखान्याचा हिशोब काय झाला एवढंच बघितलं जात होतं. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी मोबाइल ठेवून पाहिला. तेच काम एसएमएसवर व्हायला लागलं, आणि स्वस्तात. जग दारात उभं असताना माणूस आधी आपलं वजन बघून घेतो, आणि त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

शिवाय नक्कल ठेवण्याच्या बाबतीत आमचा तालुका कुठल्या सर्व्हरवर अवलंबून होता असंही नाही. व्हॉट्सअ‍ॅप आहे. सकाळी सहाला एका ग्रुपवर पडलेला संदेश साडेसहापर्यंत गल्ली, भावकी, तरुण मंडळ, दूध संस्था आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर उतरलेला असतो. ना मांडणी, ना खर्च. मूळ माणसाने संदेश पुसला तरी बाकीच्या नकला जागेवर. एवढं भक्कम नकलांचं जाळं अमेरिकेतल्या कंपन्यांनाही जमणार नाही. त्याच्यात एकच गंमत आहे, तारीख कुणीच उतरवत नाही. त्यामुळे २०१९ चा पुराचा व्हिडिओ दर जुलैत ‘आत्ताच हाती आलेला’ म्हणून येतो. आम्ही तो ओळखतो. त्यातली बुडालेली पानपट्टी केव्हाच हललेली आहे. तरी पुढे पाठवतो. न पाठवावं आणि नेमका पूर यावा, ही जोखीम कोण घेणार?

माझ्या यंत्राची परीक्षा पावसाळ्यात झाली, पण पुराने घेतली नाही. रस्त्याचं काम करणाऱ्या जेसीबीने केबल तोडली. अर्ध्या गावाचं इंटरनेट दिवसभर बंद. मी आनंदाने घंटागाडीवरून पुकारायला लावलं की वाचनालयात इंटरनेटशिवाय वायफाय मिळेल. तासाभरात गर्दी झाली. सगळ्यांचे फोन जोडले गेले. मग एकेकाचं तोंड उतरायला लागलं.

‘‘रेंज फुल्ल हाय, पण काय चालंना.’’

‘‘काय लावताय?’’

‘‘व्हॉट्सअ‍ॅप.’’

मी समजावलं की इथे व्हॉट्सअ‍ॅप नाही, रील नाहीत. इथे ज्ञान आहे. गर्दीने ते ऐकून घेतलं आणि पाचव्या मिनिटाला वाचनालय मोकळं झालं. एक पोरगा तेवढा कोपऱ्यात बसून देवमाशावर वाचत राहिला. नंतर कळलं, त्याचा रिचार्ज आधीच संपलेला होता. त्यामुळे त्याच्या काही अपेक्षा नव्हत्या.

आणि तरीही यंत्राला वाचक आहेत. चाचणी घेताना मी पहिल्याच पानावर ‘सूचना’ असा एक रिकामा चौकोन सोडला होता. काकांनी तो धरला. रोज पहाटे ते घाटावर जातात, किती पायऱ्या पाण्यात आहेत ते मोजतात आणि वाचनालय उघडून एका बोटाने टाइप करतात. वर तारीख आणि वेळ. मग घाटाच्या पायऱ्या. पुढे लिहितात, ‘स्वतः पाहिले’. मग कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात. त्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ती काकांना पुतण्या कळवतो, म्हणून त्यापुढे लिहितात, ‘फोनवरून समजले’. मी यंत्राची नोंदवही काढून पाहिली. बाकीच्या सगळ्या विश्वातल्या ज्ञानाला मिळून जेवढे वाचक नव्हते, त्याहून जास्त काकांच्या चार ओळींना होते.

माझ्यातला तंत्रज्ञ लगेच जागा झाला. ‘‘काका, घाटावर एक सेन्सर बसवू. हे आपोआप होईल.’’

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘आणि पहाटे उठून मी काय करू?’’

तेही आज्ञापत्रात लिहिलेलं नव्हतं. मी सेन्सरचा नाद सोडला.

लोकांनी मात्र सोय काढली. रोज वाचनालयात कोण येणार? एकजण येतो, पडद्याचा फोटो काढतो, वरची तारीख आणि काकांचं ‘स्वतः पाहिले’ जागा खातात म्हणून कापून टाकतो आणि ग्रुपवर सोडतो.

परवा नोव्हेंबरात, आभाळ निरभ्र, कारखान्याच्या बैलगाड्या रस्त्यावर, आणि सकाळी सकाळी सगळ्या ग्रुपवर एकच फोटो : ‘राजाराम बंधारा ३९ फूट. घाटाच्या सर्व पायऱ्या पाण्यात. आत्ताच हाती आलेली बातमी, सतर्क राहा.’ अक्षर माझ्या यंत्राचं, शब्द काकांचे, महिना जुलैचा. ही पानं ज्याने लावली त्यालाच ही नक्कल ओळखू येणार नाही तर कुणाला? तरी मी काकांना फोन केला.

‘‘काका, पाणी कुठवर आलंय?’’

‘‘पात्रात हाय.’’

‘‘नक्की?’’

‘‘आत्ताच बघून आलोय.’’

मी फोन ठेवला. दोन मिनिटं बसलो. मग उठून स्कूटर बाहेर काढली आणि वरच्या अंगाला, माळावर नेऊन लावली. आपलं असावं म्हणून. तिथे अण्णांची गाडी आधीच उभी होती, आणि तिच्या सावलीत तात्यांची म्हैस.